उसनं आणलेलं आपलं

२०२४ च्या पावसाळ्यात आईला घेऊन साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं बघायला गेले होते. बाहेर ही एवढी रांग, आत पोरांचा कलकलाट, आणि काचेच्या पेटीपाशी पोचलं की जेमतेम अर्धा मिनिट. मागून "चला, पुढे चला" सुरूच. आईचे गुडघे बोलायला लागले होते, पण ती हटून उभी राहिली. नीट बघून घेतलं, हात जोडले आणि मगच हलली. नंतर चहा घेताना मी तिला सांगितलं की ही तीन वर्षांसाठी आली आहेत, मग परत लंडनला जाणार.

"म्हणजे उसनी आणलीत होय?" आई म्हणाली.

मी हसले. पण घरी येईपर्यंत तो शब्द डोक्यातून जाईना. आपण उसनं काय आणतो? वाटीभर साखर, विरजण, महिनाअखेरीला शंभर-दोनशे रुपये. जे आपलं नाही ते. आणि जे आपलं आहे असं आपण छातीठोकपणे म्हणतो, तेच उसनं आणावं लागलं तर?

यावरून एक घरगुती गोष्ट आठवली. आमच्याकडे वाटण्या झाल्या तेव्हा एक मोठं पितळी पातेलं दुसऱ्या घरी गेलं. त्याच्या काठावर माझ्या पणजीचं नाव घातलेलं होतं. पुढे मावशीच्या लग्नात आजीने तेच पातेलं चार दिवसांसाठी मागून आणलं आणि कार्य झाल्यावर घासूनपुसून, रिकामं कसं द्यायचं म्हणून आत चार लाडू ठेवून परत पाठवलं. आजी म्हणायची, मागून आणताना काही वाटलं नाही बाई, परत पाठवताना मात्र हात अडखळला. आणताना नड होती. पण परत पाठवणं म्हणजे हे तुमचंच आहे असं आपल्या हाताने कबूल करणं!

वाघनखं लंडनच्या ज्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आली, त्याच संग्रहालयातून त्याच वर्षी आणखी एक उसनवारी झाली होती. आपल्याकडे तिची फारशी चर्चा झाली नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात कुमासी नावाचं शहर आहे. असांते लोकांची ही जुनी राजधानी. त्यांच्या राजाला असांतेहेने म्हणतात. २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या मानहिया राजवाड्यातल्या संग्रहालयात सोन्याच्या आणि राजचिन्हांच्या बत्तीस वस्तू मांडल्या गेल्या. सतरा व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या, पंधरा ब्रिटिश म्युझियमच्या. मुदत तीन वर्षं. आपल्याइतकीच!

या वस्तू लंडनला कशा गेल्या याबद्दल कुणाचं दुमत नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत सर गार्नेट वूल्झली याच्या फौजेने कुमासी घेतलं, राजवाडा लुटला, सुरुंग लावून उडवला आणि शहर पेटवून दिलं. लुटीचा रीतसर लिलाव झाला. लष्कराचे 'प्राइझ एजंट' लूट गोळा करायचे, विकायचे आणि आलेला पैसा हुद्द्याप्रमाणे वाटायचे. श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा, १७९९ साली, हीच पद्धत होती. शिवाय तहात पन्नास हजार औंस सोन्याची खंडणी असांतेंवर बसवली. लुटीतल्या बऱ्याच वस्तू लंडनच्या गॅरर्ड या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांकडे पोचल्या आणि त्याच वर्षी संग्रहालयाने त्यातल्या काही विकत घेतल्या. म्हणजे वस्तू लुटली फौजेने, पण संग्रहालयाकडे मात्र विकत घेतल्याची पावती. कायद्याच्या भाषेत सगळं स्वच्छ!

शंभर वर्षांनी, १९७४ मध्ये, असांतेंच्या मागणीवर ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात चर्चासुद्धा झाली. परत काही मिळालं नाही. संग्रहालयं म्हणतात, आमची कितीही इच्छा असली तरी कायदा आड येतो. हे खोटं नाही. ब्रिटिश म्युझियमचे हात १९६३ च्या कायद्याने बांधलेले आहेत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचे १९८३ च्या. युनेस्कोचा १९७० चा करार आहे, पण तो मागच्या काळाला लागू नाही. पण कायदा काही आभाळातून पडत नाही. नाझी काळात ज्यांच्या वस्तू गेल्या त्यांना त्या परत करता याव्यात म्हणून याच ब्रिटिश संसदेने २००९ साली वेगळा कायदा केला. फ्रान्सने २०२० साली खास कायदा करून आजच्या बेनिन देशाला सव्वीस वस्तू २०२१ मध्ये कायमच्या परत दिल्या. आणि २०२४ च्याच फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयाने असांतेहेनेंना सात वस्तू दिल्या, मुदतीबिदतीशिवाय, कायमच्या. म्हणजे द्यायचं ठरवलं तर देता येतं.

असो. मला खरं सांगायचंय ते वेगळंच. कुमासीच्या करारावर सही कुणाची आहे? घाना सरकारची नाही. करार झाला तो लंडनची संग्रहालयं आणि मानहिया राजवाडा यांच्यात. काहींना हे योग्य वाटतं, कारण लुटला गेला तो राजवाडा, आजचं सरकार तेव्हा होतंच कुठे? टीकाकारांचं म्हणणं असं की सरकारला सही करायची तर वस्तू लंडनच्या मालकीच्या आहेत हे एका सार्वभौम देशाने लिहून द्यावं लागलं असतं. राजवाड्याशी करार केला की हा अवघड प्रश्न बाजूला राहतो.

आता गंमत बघा. याच राजवाड्याची सही एकेकाळी लंडनला चालत नव्हती! १८१७ साली थॉमस बाउडिच नावाचा इंग्रज वकिलात घेऊन कुमासीला गेला, दरबाराचा थाट बघून चकित झाला आणि त्याने असांतेहेनेंशी तह केला. म्हणजे तेव्हा ते तह करण्याजोगे राजे होते. १८९५ मध्ये असांतेहेने प्रेम्पे यांनी आपले वकील लंडनला पाठवले, तर वसाहत खात्याने त्यांची अधिकृत भेटच नाकारली. पुढच्याच वर्षी प्रेम्पेंना कैद करून देशाबाहेर नेलं, सेशेल्स बेटांवर ठेवलं, ते १९२४ मध्ये परत आले. दरम्यान १९०० साली इंग्रज गव्हर्नरने त्यांच्या पवित्र सुवर्णासनाची मागणी केली. त्यावरून या असांतेवा या राणीमातेच्या नेतृत्वाखाली लढाई पेटली. लढाई असांते हरले, पण आसन त्यांनी लपवलं ते लपवलंच. म्हणून ते आज कुठल्याही लंडनच्या कपाटात नाही आणि उसनंही आणावं लागत नाही.

हे वाचताना मला पुन्हा सातारा दिसायला लागला. १८१९ मध्ये कंपनीने प्रतापसिंह महाराजांशी तह केला. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं दाद मागत राहिले. त्या अवधीत महाराज काशीत वारले (१८४७), राज्य खालसा झालं (१८४८), तरी हा माणूस तिथेच, कागद लिहितोय, सभांमध्ये बोलतोय. हाती काही लागलं नाही. काल ज्याच्याशी तह केला, तो आज तह करण्याच्या योग्यतेचा उरत नाही. आणि हे ठरवणार कोण, तर ज्याला त्याचं राज्य हवं आहे तोच.

'आंतरराष्ट्रीय संबंध' हा विषय विद्यापीठात शिकवतात तेव्हा त्याचा जन्म १९१९ चा सांगतात. महायुद्ध संपलं, पुन्हा असं होऊ नये म्हणून वेल्समधल्या अॅबरिस्टविथला पहिलं अध्यासन निघालं, वगैरे. छान गोष्ट आहे. पण त्याआधी, १९१० मध्ये, अमेरिकेत एक नियतकालिक सुरू झालं होतं. नाव 'जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट', म्हणजे वंशविकासाचं नियतकालिक! १९१९ मध्ये त्याचं नाव बदलून 'जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स' केलं आणि १९२२ मध्ये ते 'फॉरेन अफेअर्स' या आजही निघणाऱ्या प्रसिद्ध नियतकालिकात विलीन झालं. कोणत्या लोकांना 'राष्ट्र' म्हणायचं आणि कोणाचा 'विकास' आपण करायचा, ही वाटणी या विद्येच्या पाळण्यातच होती. अलीकडे अभ्यासक हे उघडपणे लिहू लागले आहेत. संग्रहालयातली वस्तू हा एरवी कलेच्या इतिहासाचा विषय. पण ती कुणी मागायची, कुणी द्यायची आणि सही कुणाची चालेल हे प्रश्न आले, की तो दोन राज्यांमधल्या संबंधांचा विषय होतो. आणि तिथे १८९५ चं ते बंद दार अजून पुरतं उघडलेलं नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाघनखं आणि असांते सोनं यांची कथा एक नाही. वाघनखं लुटलेली नाहीत. ती १८१८ नंतर साताऱ्यात असलेला इंग्रज अधिकारी जेम्स ग्रँट डफ याला भेट मिळाली आणि त्याच्या वंशजांकडून संग्रहालयाकडे गेली. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही असं संग्रहालय स्वतःच सांगतं. आणि त्या वाघनखांच्या पेटीवरचा मजकूर तर बघण्यासारखा आहे. त्यात अफझलखानाला मोगल सेनापती म्हटलंय. अहो, तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार! शिवाय ही भेट पेशव्याच्या पंतप्रधानाने दिली म्हणे. पेशवा हाच मुळात छत्रपतींचा पंतप्रधान. आता पंतप्रधानाचा पंतप्रधान कोण? त्यातून ग्रँट डफ साताऱ्याला आला तेव्हा पेशवाई बुडालेली होती.

मग भेट नक्की कुणी दिली? आणि ज्याच्या हाती अख्ख्या राज्याच्या नाड्या, त्याला दिलेली भेट ही भेट म्हणायची की नजराणा? माझ्याकडे उत्तर नाही. पण हे प्रश्न घोषणांनी सुटणारे नाहीत, कागदांनी सुटतील तर सुटतील. याच ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला आणि कित्येक वर्षं आपण आपली ओळख त्याच्याकडून उसनी घेत होतो. ती उसनवारी मोडायला इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, जुनी दप्तरं धुंडाळली, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले. त्यासाठी त्यांना लंडनची परवानगी लागली नाही. 

वस्तू परत मागायलाच हव्यात, मिळतील तिथे कायमच्या घ्यायला हव्यात. कुमासीच्या लोकांनी उसनं घेतलं म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. दीडशे वर्षांनी का होईना, नातवंडांना ते सोनं स्वतःच्या राजवाड्यात दिसलं. रांगेत उभ्या माझ्या आईनेही मालकीचे कागद विचारले नाहीत, आधी हात जोडले. पण पेटीवर कुणी काय लिहिलंय ते वाचणं आणि चुकलं असेल तर पुराव्यानिशी दुरुस्त करणं, हे काम तीन वर्षांच्या मुदतीत बसणारं नाही आणि ते आपल्यालाच करायचं आहे.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते सगळं खरं गं. पण परत न्यायला येतील, तेव्हा हात कुणाचा अडखळणार?"