पैसा कुणाचा, तारीख कुणाची?

सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक-अर्जुनी तालुक्यातले गाव. राष्ट्रीय महामार्ग येथून जातो, गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा लोहमार्गही येथून जातो. भोवताली धानाच्या बांध्या. येथल्या एका शेतकऱ्याच्या पाकिटात दोन कार्डे आहेत असे समजू. दोन्ही प्लॅस्टिकची, एकाच मापाची. दोन्हींवर सोनेरी चिप, दोन्हींवर ‘रुपे’ हे नाव. एटीएममध्ये दोन्ही चालतात आणि दोन्हींना चार आकडी गुप्त क्रमांक लागतो. परंतु एका कार्डातून निघणारी नोट त्याची स्वतःची असते, तर दुसऱ्यातून निघणारी नोट बँकेकडून घेतलेले कर्ज असते. पहिले कार्ड बचत खात्याचे, दुसरे किसान क्रेडिट कार्ड.

नोटेकडे पाहून हा फरक कळत नाही. मग तो कशावरून ओळखायचा? रोजच्या खर्चाला यांपैकी कोणते कार्ड बरे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला इतिहासात बरेच मागे जावे लागले. कार्डे नवी असली तरी रोख आणि उधार ही जोडी जुनीच आहे.

वहीतले खाते

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी किराणा दुकानात कोणी पाहिली नाही? ही पाटी लावणारा दुकानदारही उधारी देत असेच, कारण धानाच्या मुलखात त्यावाचून धंदा चालत नाही. आषाढात रोवणी होते, दिवाळीच्या आगेमागे धान घरी येते आणि विकलेल्या धानाचे चुकारे त्यानंतर केव्हा तरी हाती पडतात. मधले चार-पाच महिने तेल-मीठ वहीवर येई आणि धान विकले की खाते मिटे. उधारीची तारीख पिकाच्या तारखेशी जुळलेली असे. या व्यवस्थेत हीच मोठी सोय होती.

दोषही तितकाच मोठा होता. ‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’ ही म्हण त्यातूनच आली. उधार घेणाऱ्याला भाव करता येत नाही, माप तपासता येत नाही. शिवाय वही दुकानदाराच्या हातात, आणि घेणाऱ्याला बहुधा अक्षरओळख नसे.

तारीख आणि वही या दोन गोष्टी बिघडल्या की काय होते, हे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दिसले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस अडला आणि आपल्याकडील कापसाला भाव चढला. युद्ध संपताच भाव कोसळले. सरकारचा सारा मात्र रोखीने आणि ठरल्या तारखेलाच भरावा लागे. त्यासाठी कर्ज, कर्जावर व्याज आणि व्याजासाठी पुन्हा कर्ज, असे चक्र सुरू झाले. सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडून खतपत्रे मागितली आणि ती जाळली. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. लोकांचा राग मुख्यतः कागदावर होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा देशभर लागू झाला.

सौंदडचा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात होता. त्या प्रांताने १९३४ मध्ये सावकारीचा कायदा केला. सावकाराने हिशेब ठेवावा आणि ऋणकोला त्याचे विवरण द्यावे, असे बंधन त्यात होते. आज क्रेडिट कार्डाचे दरमहा जे विवरण येते, त्याच्या मागे असा लढा आहे. ते न वाचता बाजूला टाकणे म्हणजे हातात आलेली वही पुन्हा दुकानदाराला परत करणे होय.

नाव क्रेडिट, काम डेबिट

आता कार्डाकडे वळू. ‘क्रेडिट कार्ड’ हा शब्द कोणत्याही बँकेच्या आधी एका कादंबरीत आला. अमेरिकी लेखक एडवर्ड बेलामी यांच्या १८८८ सालच्या ‘लुकिंग बॅकवर्ड’ या कादंबरीचा नायक झोपी जातो आणि इ.स. २००० मध्ये जागा होतो. त्या जगात प्रत्येक नागरिकाला राष्ट्राच्या उत्पन्नातला त्याचा वार्षिक वाटा एका पुठ्ठ्याच्या कार्डावर मिळतो. खरेदी केली की कारकून तेवढ्या किमतीचे चौकोन टोचून काढतो.  नाव क्रेडिट असले तरी आजच्या भाषेत हे डेबिट कार्डच झाले.

खरीखुरी उधारी कार्डावर आली ती १९५० मध्ये, न्यूयॉर्कच्या डायनर्स क्लबमुळे. उपाहारगृहात कार्ड दाखवायचे आणि महिनाअखेर सगळे बिल एकदम भरायचे, अशी ती रीत होती. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० लोकांना, त्यांनी मागितली नसताना, टपालाने कार्डे धाडली. येथे एक महत्त्वाचा बदल झाला. बिल पुरते भरले नाही तरी चालेल, उरलेल्यावर व्याज लागेल, अशी ती योजना होती. बाकी ठेवणारा ग्राहक हे आता बँकेच्या कमाईचे साधन झाले.

डेबिट कार्डाचा उगम वेगळा, पैसे काढण्याच्या यंत्रात आहे. २७ जून १९६७ रोजी लंडनजवळच्या एनफिल्ड येथे बार्कलेज बँकेने असे यंत्र बसवले. त्याची कल्पना मांडणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. प्लॅस्टिकचे कार्ड तेव्हा नव्हतेच. कार्बन-१४ या किरणोत्सारी द्रव्याची अल्प मात्रा लावलेला कागदी चेक यंत्र ओळखत असे. पुढे चुंबकीय पट्टीचे आणि मग चिपचे कार्ड आले. भारतात सेंट्रल बँकेने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड काढले, आणि १९८७ मध्ये मुंबईत एचएसबीसी बँकेचे पहिले एटीएम आले.

आज दुकानातल्या यंत्रात कार्ड घातले की काय घडते? यंत्र दुकानदाराच्या बँकेला कळवते, ती बँक कार्डाच्या जाळ्याला, आणि जाळे आपल्या बँकेला. येथवर दोन्ही कार्डांचा मार्ग एकच. शेवटच्या टप्प्यावर आपली बँक एक प्रश्न तपासते. डेबिट कार्ड असेल तर ‘खात्यात शिल्लक आहे का?’ आणि क्रेडिट असेल तर ‘मर्यादेत जागा आहे का?’ होकार काही सेकंदांत परत येतो. सगळा भेद त्या एका प्रश्नात आहे आणि तो आपल्याला यंत्रावर दिसत नाही.

किसान कार्डाची गंमत

१९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड आले तेव्हा ते खरे म्हणजे एक पासबुक होते. त्यावर शेतकऱ्याचा फोटो, जमिनीचा तपशील आणि कर्जमर्यादा असे. २०१२ मध्ये योजनेत सुधारणा होऊन एटीएमवर चालणारे कार्ड देण्याचे ठरले. त्याच वर्षी रुपेचे जाळे सुरू झाले, आणि २०१४ पासून जनधन खात्यांबरोबर रुपे डेबिट कार्डेही घरोघर पोहोचली. बेलामीच्या कार्डाचे नाव क्रेडिट आणि काम डेबिटचे होते. येथे रूप डेबिटचे आणि काम क्रेडिटचे झाले.

या कार्डावर घरखर्च चालतो का? योजनेतच त्याचे उत्तर आहे. समजा, एका शेतकऱ्याच्या धानाला ६०,००० रुपये पीककर्ज बसते. त्यावर १० टक्के, म्हणजे ६,००० रुपये, काढणीनंतरच्या आणि घरच्या गरजांसाठी, आणि २० टक्के, म्हणजे १२,००० रुपये, शेतीच्या अवजारांच्या देखभालीसाठी मिळू शकतात. घरासाठीचे ६,००० रुपये वर्षाला आहेत. महिन्याला ते ५०० पडतात. अडीअडचणीला हा आधार झाला, त्यावर संसार चालायचा नाही. रोवणीच्या मजुरीचे पैसे मोबाइलमध्ये गेले, तर मजुरीसाठी पुन्हा सावकाराचे दार ठोठवावे लागते आणि १८७५ चे चक्र नव्याने फिरू लागते.

दोन पंचांगे

आता व्याजाचे गणित मांडू. अल्पमुदतीचे पीककर्ज ७ टक्के दराने मिळते आणि वेळेवर फेडल्यास ३ टक्के सूट मिळून ४ टक्के पडते. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे भार आणखी हलका होतो. बँकेच्या साध्या क्रेडिट कार्डावर बाकी राहिली, तर दरमहा ३ ते ३.५ टक्के व्याज लागल्याची उदाहरणे सर्रास दिसतात. ‘महिना साडेतीन’ ऐकायला लहान वाटते. जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी व्याजाची वसुली मुद्दलापेक्षा जास्त करता येत नसे, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालये तो मानीत. त्याच मापाने मोजू. ७२ ला व्याजाच्या दराने भागले की चक्रवाढीने रक्कम दुप्पट होण्याचा काळ ढोबळमानाने कळतो. ४ टक्के वार्षिक दराने १८ वर्षे लागतात, तर ३.५ टक्के मासिक दराने जेमतेम २० महिने आणि काही दिवस.

मग क्रेडिट कार्ड वाईटच का? तसे नाही. बिल पूर्ण आणि वेळेवर भरणाऱ्याला साधारण ४५ ते ५० दिवसांपर्यंत बिनव्याजी पैसा मिळतो. कार्डाचा गैरवापर झाला, तर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत अडकलेली रक्कम बँकेची असते. डेबिट कार्डात मात्र आपल्याच घामाचे पैसे गेलेले असतात. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम घातला की तिसऱ्याच कोणामुळे फसवणूक झाली आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले, तर त्याच्यावर तोशीस पडू नये. म्हणून कार्ड कोणतेही असो, कळवण्यात उशीर करू नये. क्रेडिट कार्डाने एटीएममधून नोटा मात्र काढू नयेत. त्यावर शुल्क पडते आणि व्याज बहुधा पहिल्या दिवसापासून लागते.

पण ते ४५ ते ५० दिवस आले कोठून? त्यांचे माप मासिक पगाराचे आहे. दर महिन्याला वेतन घेणाऱ्या शिक्षकाला ही तारीख पाळता येते. धान पिकवणाऱ्याचे पंचांग वेगळे आहे. आषाढात केलेल्या खर्चाचे बिल श्रावण-भाद्रपदात येते. त्या वेळी धान शेतात उभे असते, चुकारे दूर असतात. एकच कार्ड एकाला सोयीचे आणि दुसऱ्याला गळफास ठरते. त्यात कोणाची अक्कल कमी-जास्त नसते, तारखा जुळत नाहीत इतकेच.

म्हणून आमचे मत असे. ज्याचे उत्पन्न हंगामी आहे, त्याने रोजचा खर्च डेबिट कार्डावर किंवा रोखीने करावा, आणि कर्ज घ्यायचेच तर पिकाच्या तारखेशी जुळणारे घ्यावे. ज्याला दरमहा पगार आहे, त्याने सारे बिल भरण्याची शिस्त असेल तरच क्रेडिट कार्ड वापरावे, आणि एकदा जरी बाकी राहिली तरी ती फिटेपर्यंत डेबिटवर यावे.

हा विचार कार्डापुरता राहिलेला नाही. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि किराणा दुकानातही चौकोनी ठिपक्यांचे चित्र लागले. त्यावरून बचत खात्यातले पैसे जातात, म्हणजे ते डेबिटच. पण २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येते. आता तर कार्डही दिसत नाही. तोच फोन, तेच चित्र, आणि पैसा कधी आपला, कधी उसना.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सातवी-आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याज शिकवताना फळ्यावर दोन ओळी आखाव्यात. एकीत वर्षातले बारा महिने आणि त्यात घरी पैसा केव्हा येतो ते. दुसरीत पैसा केव्हा द्यावा लागतो ते. मुलांनी आपापल्या घरी विचारून त्या भराव्यात, रकमा लिहिण्याची गरज नाही. कोणत्या महिन्यात ओळी जुळत नाहीत, ते मुलांना आपोआप दिसेल. मग पैसे देण्याचे कोणतेही नवे साधन पुढे आले, तरी ती आधी दोनच प्रश्न विचारतील. हा पैसा कुणाचा? आणि परत करायची तारीख कुणाच्या सोयीची?