दहावा माणूस कुठून आणायचा?

मी जालन्याचा, काम सॉफ्टवेअरचं. आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत आता फक्त आई-वडील उरलेत; पोरं पुण्याला नाहीतर बंगळुरूला. म्हणून आज अशा एका मराठी समाजाची गोष्ट, ज्याने हे आपल्या कितीतरी आधी अनुभवलंय. बेने इस्रायल.

हे कोकणातले ज्यू. आडनावं पेणकर, दिवेकर, नवगावकर. घरात मराठी, धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी शब्बाथ, म्हणजे घाणा बंद. म्हणून गावाने नाव पाडलं, शनिवार तेली!

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं आणि कुटुंबंच्या कुटुंबं निघाली. १९५१ च्या जनगणनेत भारतात २६ हजारांवर ज्यू होते. २०११ मध्ये राहिले ४,६५०, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. तरुण गेले की मागे कोण राहतं, ते सांगायला नकोच.

आता अडचण फक्त औषधपाण्याची नव्हती बरं का. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. गावात नऊच उरले, तर सिनेगॉग उभं असूनही ती प्रार्थना होत नाही. गेलेल्या माणसासाठी म्हणायचा कद्दीशसुद्धा अडतो.

मग म्हाताऱ्यांना सांभाळलं कुणी? 'जॉइंट' या नावाने ओळखली जाणारी अमेरिकन ज्यू संस्था १९६४ पासून भारतात काम करते. गरजू वृद्धांना धान्य, औषधं, पैशांची मदत. मुंबईत समाजाचं केंद्रही आहे, तिथे सण होतात, भेटीगाठी होतात. आणि घरोघरी मलिदा आहेच: पोहे, गूळ, खोबरं, एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने सगळ्यांनी एकत्र बसून खायचं.

मदत उलट्या दिशेनेही झाली. बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं नव्या पेठेतलं अनाथ पंगू गृह आज 'निवारा' म्हणून वृद्धांना सांभाळतंय. तिथले आजी-आजोबा कुठल्याही धर्माचे!

यातून मला एक कळलं. पैसे अमेरिकेतून येतात, आपले तर यूपीआयने दोन सेकंदांत जातात. दहावा माणूस मात्र स्वतःच्या पायांनीच यावा लागतो.

मी या शनिवारी जालन्याची गाडी पकडतोय. तुमचं काय?