मांडीवरचं मूल आणि मोटारीचा कायदा

1977 साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा संमत केला आणि त्यातच त्याला भगदाड पाडणारी सवलतही देऊन टाकली. चार वर्षांखालच्या मुलाला मोटारीतून न्यायचं तर खास आसनात बांधूनच न्यायचं, हा कायदा. मात्र एखाद्या मोठ्या माणसाने मूल हातात धरलं असेल तर आसन नसलं तरी चालेल, ही सवलत. असा कायदा करणारं टेनेसी हे देशातलं पहिलं राज्य. 1 जानेवारी 1978 पासून तो तिथे लागू झाला.

या कायद्यामागे मर्फ्रीसबरो या छोट्या शहरातले बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स होते. ते तिथल्या काउंटीचे आरोग्य अधिकारीही होते. पत्नी पॅट यांच्यासह त्यांनी आमदारांचे उंबरठे झिजवले. विरोध आसनाला नव्हता, सरकारला होता. आपलं मूल आपल्या गाडीत कसं बसवायचं हे सांगणारे तुम्ही कोण, असा रोख. त्यात आईच्या कुशीपेक्षा लोखंड-प्लास्टिकचा सांगाडा सुरक्षित, हे कुणाच्या पचनी पडणार? सँडर्स दांपत्य त्या सवलतीला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ म्हणे. नाव भडक होतं, पण गणित त्यांच्या बाजूने होतं. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी आदळून जागच्या जागी थांबली की दहा किलोच्या मुलाला धरून ठेवायला दोन-तीनशे किलो पेलण्याइतकी ताकद लागते. ती कुठल्याच आईच्या हातात नसते. शिवाय आईने स्वतः पट्टा लावला नसेल तर तिचं सगळं वजन मुलावर येतं. 1981 मध्ये सवलत रद्द झाली. 1985 पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे आले होते.

आसनं त्याआधीही मिळत. पण 1930 च्या दशकात ती निघाली ती सुरक्षेसाठी नव्हेच. पोर गाडीभर हुंदडू नये, त्याला खिडकीबाहेरचं दिसावं आणि आईबापांनाही ते नजरेसमोर राहावं, एवढाच हेतू. पुढच्या बाकाला आकड्याने अडकवलेली ती खुर्ची अपघातात सर्वांत आधी उडाली असती. मूल वाचवण्याच्या हेतूने आसनं बनली ती 1960 च्या दशकात: ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी आणि अमेरिकेत डेन्व्हरच्या लिओनार्ड रिव्हकिन यांनी 1962 च्या सुमारास आपापले आराखडे तयार केले. अमेरिकन सरकारचं पहिलं मानक 1971 चं, पण त्यात आसन प्रत्यक्ष आदळून पाहण्याची अटच नव्हती. ती यायला आणखी दहा वर्षं लागली.

स्वीडनची वाट वेगळी. बर्टिल आल्डमन या डॉक्टर-संशोधकाने जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसनं दूरचित्रवाणीवर पाहिली. उड्डाणाचा जोर सगळ्या पाठीवर विभागला जावा, अशी त्यांची रचना होती. तान्ह्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी. मग त्यालाही गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून का बसवू नये? 1964 मध्ये व्होल्वोच्या गाडीत असं पहिलं आसन तपासलं गेलं. मूल चार वर्षांचं होईपर्यंत उलट्या तोंडाने बसवायचं ही रीत तिथे रुजली आणि आजही पाळली जाते. चार वर्षांची सक्ती मात्र स्वीडिश कायद्यात नाही. मोठ्या मुलांना उंच करणारी उशी व्होल्वोने 1978 मध्ये बाजारात आणली. मुलांसाठी सक्तीचा कायदा आला तो 1988 मध्ये. म्हणजे सवय आधी लागली आणि कायदा मागून आला.

एकच शास्त्र वाचून दोन देश कसे उलट वागतात, याचाही नमुना इथेच सापडतो. पुढच्या सीटची एअरबॅग उघडून तिच्यासमोरच्या उलट्या आसनातली तान्ही मुलं अमेरिकेत 1990 च्या दशकात दगावली. तेव्हापासून तिथे शिकवण ठरली: मूल मागेच बसवा. स्वीडनमध्ये एअरबॅग बंद करून मूल चालकाशेजारी बसवणं सर्रास चालतं. बाळ दिसत राहतं, हे त्यामागचं साधं कारण.

जपानने सक्ती केली 1 एप्रिल 2000 पासून, सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. दंड नाही, फक्त चालकाच्या नोंदीत एक गुण चढतो. सवलतींची यादी मात्र वाचण्याजोगी आहे. टॅक्सी वगळलेली आहेच. पण बाळाला दूध पाजणं किंवा आसनात बसवून करता येणार नाही अशी त्याची इतर देखभाल चालू असेल, तरी नियम लागू होत नाही. टेनेसीने तीन वर्षांत हद्दपार केलेली मांडी जपानी कायद्यात अशी मागच्या दाराने आत बसलेली आहे. हे शास्त्राच्या विरोधात आहे यात शंका नाही. रडणाऱ्या बाळाची आई काय करणार, हे मात्र कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखलं होतं.

त्याच जपानमधला दुसरा प्रसंग भारतीयांना अधिक जवळचा वाटावा. सायकलवर पुढे एक, मागे एक मूल बसवून पाळणाघर गाठणाऱ्या आया तिथे जागोजागी दिसतात. 2008 मध्ये पोलिसांनी हे थांबवायचं ठरवताच आयांनी आवाज उठवला. दुसरं मूल घरी ठेवायचं का, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. पोलिसांनी बंदी सोडली आणि दोन मुलांचा भार पेलणाऱ्या, न डगमगणाऱ्या सायकलींचे निकष ठरवले. जुलै 2009 पासून अशा सायकलींवर दोन मुलं रीतसर नेता येऊ लागली.

चीनमध्ये 2021 पासून लागू झालेल्या अल्पवयीनांच्या संरक्षणाच्या सुधारित कायद्यात मुलांच्या आसनाचा उल्लेख आला. तोही पालकांचं कर्तव्य म्हणून.

भारतात 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 194 ब हे कलम आलं: 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा आसनाने बांधलेलं नसेल तर 1000 रुपये दंड. कलम नेटकं आहे, फक्त ते मोटारीपुरतं आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी आजीला दवाखान्याच्या दारातच कळतं की गाडीत आसन नसेल तर नातवंड सहजी घरी येत नाही. तीच आजी पुण्यात परतली की धाकट्या नातवाला मांडीवर घेऊन रिक्षात बसते, कारण रिक्षात दुसरी सोयच नाही. आकुर्डीत 1972 पासून बनलेल्या चेतकवर दोन पिढ्यांनी बाबांच्या गुडघ्यांमध्ये उभं राहून गाव पाहिलं. स्कूटरवरचं असं चौघांचं कुटुंब पाहूनच रतन टाटांना नॅनो सुचली. नॅनो गेली, स्कूटर राहिली.

म्हणून आपल्याकडच्या मुलांसाठी खरं महत्त्वाचं पाऊल 2019 चं नव्हे, 2022 चं. त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्राने दुचाकीवरच्या चार वर्षांखालच्या मुलांसाठी नियम काढला: चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला मापाचं हेल्मेट, वेग ताशी 40 किलोमीटरपर्यंत. अंमल एका वर्षाने, 15 फेब्रुवारी 2023 पासून. नियम व्यवहारी आहे. स्कूटर बंद करा असं तो म्हणत नाही, स्कूटरवरच्या मुलाला बांधा म्हणतो. पण तो कुणाच्या कानावर गेलाय? अमेरिकेत कायदे येत होते तेव्हा 1980 मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाचा पहिलाच प्रवास सुरक्षित व्हावा म्हणून मोहीम काढली आणि ठिकठिकाणी आसनं उसनी देण्याच्या योजना चालल्या. महाराष्ट्रातल्या प्रसूतिगृहांनी आणि बालवाड्यांनी तो पट्टा आणि छोटं हेल्मेट निदान दाखवायला तरी ठेवावं, आणि परवडत नसेल त्याला उसनं द्यावं.