सोया सॉस : जपानी शोयू आणि घाटकोपरची गाडी

सोया सॉस : सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी आंबवून केलेला खारट, गडद तपकिरी पातळ मसाला. जपानी नाव शोयू. हाच शब्द डच व्यापाऱ्यांच्या तोंडी ‘सोया’ झाला आणि मग मूळ दाण्याला चिकटला. लातूरच्या बाजारात ज्याचे भाव पुकारले जातात, त्या सोयाबीनला नाव सॉसवरून मिळाले आहे, सॉसला सोयाबीनवरून नव्हे.

घाटकोपरकरांची त्याच्याशी ओळख होते ती चायनीजच्या गाडीवर. झाकणाला भोक पाडलेली प्लॅस्टिकची बाटली कढईवर दोनदा झटकली, की पांढऱ्या नूडल्स क्षणात तपकिरी होतात. इथे सॉसचे काम मुख्यतः रंगाचे. चवीचा भार शेजवान चटणी, व्हिनेगर आणि चिमूटभर अजिनोमोटो उचलतात. चायनीज भेळेत तर शेजवान चटणीपुढे कुणाचेच काही चालत नाही. यातला अजिनोमोटोही जपानचाच. किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबू या समुद्रशैवालातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि पुढच्याच वर्षी ते या नावाने विक्रीला आले. शोयूत तेच ग्लुटामेट आंबताना आपोआप तयार होते.

आंबण्यासाठी लागतो वेळ. वाफवलेले सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू यांवर ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी दोन-तीन दिवस वाढवतात; हे कोजी. त्यात मिठाचे पाणी घातले की मोरोमी नावाचा राबडा होतो आणि तो सहा महिने, कधी वर्ष-दोन वर्षे मुरतो. मग कापडातून दाबून रस काढायचा आणि तापवायचा. डोशाचे पीठ रात्रभरात फुगते, या हिशेबाने ही चाल कासवाची म्हणावी लागेल. स्वस्त सॉसला एवढी सवड नसते. तेल काढलेली सोयाबीनची पेंड हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून सोड्याने आम्ल मारायचे, मीठ आणि कॅरॅमल रंग घालायचा. काही दिवसांत माल तयार. लेबलवर ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ दिसले तर ते हेच. नाव एक, पदार्थ दोन.

जपानात शोयूचे पाच प्रकार मानतात. सर्वाधिक खपणारा कोइकुची, म्हणजे गडद. ओसाका-क्योतोकडचा उसुकुची रंगाने फिका, पण मिठाने जास्त. भाज्यांचा रंग झाकोळू नये म्हणून तो वापरतात. तामारीत गहू नसतो किंवा नावापुरता असतो. उरलेले दोन साइशिकोमी आणि शिरो. उगमाची आख्यायिका वाकायामातल्या युआसा गावाची आहे, तर मोठे कारखाने उभे राहिले एदो म्हणजे आजच्या टोकियोजवळच्या नोदा आणि चोशी इथे. नोद्यातल्या घराण्यांनी 1917 मध्ये एकत्र येऊन काढलेली कंपनी म्हणजे आजची किक्कोमान. तिची लाल टोपीची काचेची बाटली केन्जी एकुआन यांनी 1961 मध्ये आखली.

पश्चिम हिंदुस्थानात हा सॉस गाड्यांच्या फार आधी येऊन गेला होता. 1689 मध्ये सुरतेला आलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन तिथल्या वखारीच्या जेवणाचे वर्णन करताना आंब्याच्या आणि बांबूच्या लोणच्याशेजारी सोयाला बसवतो, आणि सगळ्या सॉसांत त्यालाच वरचा मान देतो.

जपानी स्वयंपाकात मसाले घालण्याचा क्रम ‘सा-शि-सु-से-सो’ असा पाठ करतात: साखर, मीठ, व्हिनेगर, शोयू, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा). बाराखडी म्हणावी तसेच, आणि ते उगाच नाही. जपानी वर्णक्रमावर संस्कृत वर्णमालेची छाप आहे. शोयू उशिरा घालतात, कारण जास्त उकळल्यास त्याचा वास उडतो. पानावर तर तो थेंबांनीच मोजला जातो. छोट्या बशीत थोडासा ओततात. सुशीची माशाची बाजू तेवढी त्यात टेकवायची, भाताची नाही, नाहीतर भात सॉस पिऊन सुटतो. पांढऱ्या भातावर डाळीसारखा ओतणे अडाणीपणाचे समजतात.

घाटकोपरच्या जैन-गुजराती वस्तीत कांदा-लसणाविना ‘जैन चायनीज’ सर्रास मिळते. मात्र आंबवलेले न खाणारे काटेकोर जैन सोया सॉसही टाळतात. साधा शोयू पूर्ण शाकाहारी असतो. फसगत होते ती त्सुयू आणि पोंझू या तयार मिश्रणांत: त्यांत बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या कापांचा अर्क असतो.