गुत्ता त्यांचा, हॉटेल आमचं

अमेरिकेची मरीन फौज १७७५ साली फिलाडेल्फियातल्या टन नावाच्या दारूगुत्त्यात जन्मली, असं ते छाती फुगवून सांगतात. सांगू देत. मला कोल्हापुरातला भाऊसिंगजी रोड आठवतो.

पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून गंगाराम कांबळ्याला फोडून काढलं. शाहू महाराजांनी त्याला हॉटेल काढायला लावलं, 'सत्यसुधारक'. वरच्या जातीचं गिऱ्हाईक फिरकंना. मग महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्याले, सोबतच्यांनाही पाजला. ह्याच महाराजांनी मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांना आपला पुढारी म्हटलं.

महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली. तिच्या हाती बंदूक होती. गंगारामच्या हाती नुसती कपबशी. मित्रांनो, लढाई तीही होती. आपल्या फौजेच्या इतिहासात ती कपबशी लिहा.