दात्यांचे गणित आणि श्रमाचे श्रेय

सायकलीच्या गिअरचा विचार बहुधा यंत्रशास्त्राच्या पुस्तकात होतो आणि तेथेच संपतो. आम्हांस मात्र या विषयात एक जुना वाद दिसतो : साधनाने श्रम सुकर झाले, तर कर्त्याचे श्रेय उणे होते काय?

प्रथम गणित पाहू. १८७० च्या दशकातील उंच चाकाच्या सायकलीला साखळी नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असे. पायांचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. अधिक वेग हवा तर चाक मोठे हवे, आणि चाकाच्या मोठेपणाला स्वाराच्या पायांच्या लांबीची मर्यादा. ५४ इंच व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे ४.३ मीटर जाई. तेवढ्या उंचीवरून तोंडघशी पडण्याचा धोका होता, तो वेगळाच.

१८८० साली मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी सुधारित रोलर साखळी तयार केली. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली आणि मागचे चाक साखळीने फिरू लागले. पायडलजवळच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्या चक्राला १६ असतील, तर पायांच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीन फेरे घेते. ते चाक २७ इंची असेल तर सत्तावीस त्रिक एक्याऐंशी. म्हणजे ही बुटकी सायकल ८१ इंच व्यासाच्या चाकाएवढी मजल मारते. मागे २४ दात्यांचे चक्र बसवले तर हिशेब ५४ वर येतो : नेमके ते जुने उंच चाक! इंग्रजी सायकलविश्वात गिअर आजही अशा 'इंचां'त मोजतात. चाक मोडीत निघाले, माप तेवढे मागे उरले.

चढावर उपयोगी पडते ते हे दुसरे चक्र. १६ ऐवजी २४ दाते घेतले की पायडलवर दोन तृतीयांश जोर पुरतो. मात्र तेवढ्याच अंतरासाठी पाय दीडपट फिरवावे लागतात. घर्षण वगळले तर एकूण काम तेवढेच. गिअर शक्ती देत नाही. असलेली शक्ती कशी खर्चावी, एवढेच तो ठरवू देतो.

आंरी देग्रांज यांना हे मान्य नव्हते. १९०३ साली 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू करणारे हे गृहस्थ स्वतः नामांकित सायकलपटू होते. १८९३ मध्ये त्यांनी एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले होते. गिअर बदलणे ही वयस्कांची सोय आहे, खऱ्या स्पर्धकाने स्नायूंच्या बळावर जिंकावे, असा त्यांचा आग्रह. याच्या उलट, सेंट-एतिएनचे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने 'ल सिक्लिस्त' या आपल्या नियतकालिकातून अनेक गिअरांचा पुरस्कार करीत राहिले. इकडे १९१० मध्ये शर्यत २,११५ मीटर उंचीच्या तूर्मालेच्या खिंडीतून नेण्यात आली. स्पर्धक चढापाशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूचे मोठे चक्र वापरत. म्हणजे गिअर बदलण्यास हरकत नव्हती. सुखाने बदलण्यास होती.

ही बंदी १९३७ साली उठली. त्या वर्षीचा विजेता रोजे लापेबी साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे 'डिरेलर' वापरत होता. त्यामुळे डोंगर सपाट झाले नाहीत, की शर्यत सोपी झाली नाही.

देग्रांज यांच्या भूमिकेत श्रमाविषयीचा आदर होता, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या साखळीवर त्यांचे स्पर्धक धावत होते, तीही एके काळी नवी सोयच होती. आपल्या सवयीची साधने नैसर्गिक आणि पुढच्या पिढीची तेवढी कृत्रिम, हा भेद गणितात कोठेही सापडत नाही. साहित्यातील नव्या साधनांविषयी निवाडे करतानाही हे ध्यानात ठेवणे बरे, असे आम्हांस वाटते.