मंडपेश्वर

मंडपेश्वर : मुंबईच्या बोरिवली उपनगरातील शैव लेणे व त्याच्या माथ्यावरील पोर्तुगीजकालीन ख्रिस्ती मठाचे अवशेष. पूर्वी हे साष्टी बेटातील एक खेडे होते. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याचे नाव ‘मोंपेसेर’ अशा अपभ्रष्ट रूपांत आढळते.

मूळ लेणे सामान्यतः इ. स. सहाव्या शतकातील मानतात. स्तंभयुक्त मंडप, त्यामागे गर्भगृह आणि दोन्ही बाजूंस दालने अशी त्याची रचना आहे. नृत्यमग्न शिवाचा शिल्पपट हे येथील प्रमुख शिल्प होय.

१५३४ च्या तहान्वये वसईबरोबर साष्टीही पोर्तुगीजांकडे आली. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियू द पोर्तू याने या लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर करून ते मरियेच्या ‘पिएदादे’ (करुणा) या रूपास अर्पण केले. लेण्याच्या माथ्यावर दगडचुन्यात मठ व विद्यालय उभारण्यात आले. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्या आज्ञेने जुन्या देवस्थानाचे उत्पन्न या संस्थेकडे वर्ग झाले. त्यामुळे केवळ वास्तूचेच नव्हे, तर तिच्या निर्वाहसाधनांचेही हस्तांतर घडले.

प्रशस्त मंडप व त्याच्या टोकाशी गर्भगृह ही योजना ख्रिस्ती सामुदायिक प्रार्थनेस सोयीची असल्याने लेण्याची मूळ घडण फारशी मोडावी लागली नाही. शिल्पांची गत मात्र दुहेरी झाली. काही गिलाव्याआड व भिंतींआड झाकली गेली आणि त्या आच्छादनामुळेच बव्हंशी बचावली. एका भिंतीवरील शिल्प मात्र तासून तेथे मोठा क्रूस कोरण्यात आला. तो अद्याप दिसतो.

१७३७–३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी व वसई जिंकल्यावर मठ ओस पडला. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या ताब्यात गेली. पुढे लेण्याचा काही काळ पुन्हा ख्रिस्ती उपासनेसाठी उपयोग झाला. आज लेणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असून गर्भगृहातील शिवलिंगाची पूजा होते. माथ्यावरील मठाचे छप्पर नाहीसे झाले असून भिंती शिल्लक आहेत. ख्रिस्ती उपासना नजीकच्या निष्कलंक मरियेच्या चर्चमध्ये चालते, परिसराचे ‘आय. सी. कॉलनी’ हे नाव त्यावरूनच पडले.

यांपैकी कोणताही एक थर मूळ मानून इतर काढून टाकल्यास या स्थळाचा इतिहास अपुरा राहील. शिवपट, क्रूस व भग्न मठ यांचे एकत्र जतन हेच येथील संरक्षणकार्याचे खरे प्रयोजन ठरते.